पहिला पगार कुठल्या खात्यात घेऊ?

पत्र: ताई, नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी स्टुटगार्टला आलो. कंपनीने दोन महिन्यांसाठी फर्निश्ड फ्लॅट दिलाय, पुढचं घर माझं मला शोधायचंय. बायको आणि मुलगी चार महिन्यांनी येतील. एचआर रोज विचारते आयबॅन, म्हणजे इथला खाते क्रमांक, कधी देतोस, १५ तारखेनंतर या महिन्याचा पगार अडकेल म्हणते. टीममधला एक जण म्हणतो अ‍ॅपवाली बँक घे, दहा मिनिटांत खातं आणि फुकट. दुसरा म्हणतो अ‍ॅपवाले कधीही खातं ब्लॉक करतात, शाखावाल्या स्पारकासे बँकेतच जा. तिथे गेलो तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट, वर दर महिन्याला फी आणि सगळे कागद जर्मनमध्ये. रोज रात्री तुलना करत बसतो आणि अजून गोंधळतो. बाहेरून आलेल्या माणसासाठी जर्मनीत सगळ्यात चांगली बँक कुठली, तेवढं सांग.

ताई म्हणालास म्हणून एकेरीतच बोलते. आधी १५ तारखेचं बघू, कारण ते डोक्यावर असताना बाकी काही सुचणार नाही. आजच संध्याकाळी एखाद्या ऑनलाइन बँकेत खातं उघडायला घे, तो आयबॅन एचआरला दे आणि झोप. ही काही जन्माची गाठ नाहीये, इथे चालू खातं म्हणजे गिरोकोंटो बंद करायला पैसे पडत नाहीत आणि नोटीस जास्तीत जास्त एक महिन्याची असते. वर २०१६ पासून असा कायदा आहे की तू बँक बदललीस तर नव्या बँकेने मदत करायची, जुनीने मागच्या १३ महिन्यांतल्या डेबिटची आणि जमा झालेल्या रकमांची यादी द्यायची, म्हणजे कुणाकुणाला नवा आयबॅन कळवायचा ते शोधत बसावं लागत नाही. पहिली निवड चुकली तरी फार बिघडत नाही.

आता तुझे दोन्ही मित्र. खरं सांगू का, दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच तू अडकलायस. अ‍ॅपवाली बँक चांगल्या दिवशी छान वाटते, सगळं इंग्रजीत, सगळं फोनवर. माझं म्हणणं एवढंच आहे की बँक निवडताना वाईट दिवस डोळ्यांसमोर आण. फोन गेला, कार्ड मशीनने गिळलं, व्हिसा रिन्यू व्हायला वेळ लागला, अशा दिवशी ही बँक माझ्याशी कशी वागेल, माणूस भेटेल का, आणि तोपर्यंत मी भाडं कशातून भरू. फी, व्याज, कार्डाचा रंग हे सगळं त्याच्यानंतर.

माझ्यासोबत झालेलं सांगते. मला इथे येऊन तीनेक वर्षं झाली होती, एकच खातं, अ‍ॅपवालं, मी अगदी खुश. रेसिडेन्स कार्ड रिन्यू झालं, बँकेने नव्या कार्डाची कॉपी मागितली होती, पण ती मेल गेली माझ्या जुन्या मेल आयडीवर जो मी उघडतच नव्हते. ग्राहकाचे कागद ताजे ठेवायची बँकेवर कायद्याने जबाबदारी असते, त्यामुळे त्यांनी खातं थांबवलं. एका शुक्रवारी संध्याकाळी सुपरमार्केटच्या काउंटरवर कार्ड नाही चाललं. मागे रांग, समोर सामान, मी दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं, मग सामान तिथेच ठेवून बाहेर आले. महिनाअखेर होती. इथे भाडं महिन्याच्या तिसऱ्या वर्किंग डेपर्यंत द्यावं लागतं, आणि माझा सगळा पगार त्या बंद खात्यात. फोन नंबर नाही, फक्त चॅट, आणि चॅटवर दर वेळी वेगळा माणूस येऊन तेच विचारायचा. अकरा दिवस गेले. भाड्याचे पैसे ऑफिसमधल्या मैत्रिणीने दिले, तिने एका शब्दाने विचारलं नाही की परत कधी देशील, आणि ते मी अजून विसरले नाहीये. पैसे कुठे गेले नव्हते, सगळे सुरक्षित होते, पण माझ्या हातात नव्हते.

त्या आठवड्यात मी दुसरं खातं उघडलं, शाखा असलेल्या बँकेत. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते की दोन खाती ठेव, दोन वेगळ्या बँकांत, आणि दुसऱ्यात किमान एका महिन्याचं भाडं आणि महिन्याचा किराणा एवढे पैसे कायम पडून असू दे. त्याला हात लावायचा नाही.

म्हणून स्पारकासेची अपॉइंटमेंट रद्द करू नकोस. तिथे जा, किंवा जवळ फोल्क्सबांकची शाखा असेल तर तिथे विचार. इथे बँकांची साधारण तीन घराणी आहेत, डॉइचे बांक किंवा कॉमर्झबांकसारख्या खाजगी, मग त्या त्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या स्पारकासे, आणि तिसऱ्या सहकारी म्हणजे फोल्क्सबांक रायफायझनबांक. सहकारी बँक काय असते हे तुला-मला वेगळं सांगायला नको. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यात प्रत्येक गावची बँक स्वतंत्र असते, त्यामुळे एका स्पारकासेची फी दुसरीला लागू नाही, मित्राच्या गावचा आकडा ऐकून ठरवू नकोस. फी तुलना करायची असेल तर बाफिन, म्हणजे इथली बँकांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिने २०२५ पासून स्वतःची गिरोकोंटो तुलना सुरू केलीय, फुकट आहे, जाहिरात नाही, तेवढीच बघ आणि रात्रीचं जागरण बंद कर. फक्त ‘फुकट’ लिहिलेलं दिसलं की खालची ओळ वाच, बरेचदा दर महिन्याला अमुक एवढे पैसे जमा झाले तरच फुकट असं असतं, तुझा पगार येणार म्हणजे तुला चालेल, पण बायकोच्या खात्याला ते चालेलच असं नाही.

कार्डाचं मात्र नीट समजून घे, नव्या माणसाला इथेच चटका बसतो. ऑनलाइन बँका व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड देतात. जर्मनीचं स्वतःचं कार्ड आहे गिरोकार्ड, लोक अजून त्याला ईसी कार्डच म्हणतात. मोठ्या दुकानांत सगळं चालतं, पण एखादी छोटी बेकरी, डॉक्टरचा दवाखाना, एखादं सरकारी ऑफिस, तिथे पाटी असते की फक्त ईसी कार्ड किंवा रोख. तेव्हा व्हिसा हातात घेऊन उभं राहावं लागतं. उलटं पण आहे, नुसतं गिरोकार्ड घेऊन देशाबाहेर गेलास तर अडशील, कारण त्याच्यावर बाहेरच्या वापरासाठी माएस्ट्रो नावाची जी सोय असायची ती जुलै २०२३ पासून नव्या कार्डांवर देणं बंद झालंय. एका बँकेचं गिरोकार्ड आणि दुसरीचं व्हिसा असं असलं की दोन्हीकडून सुटतोस, आणि दोन खात्यांचा हा दुसरा फायदा.

रोख पैसे लागतात इथे, अजूनही. ज्याचं त्याचं एटीएमचं जाळं आहे, स्पारकासेवाल्यांचं वेगळं, सहकारी बँकांचं वेगळं, आणि डॉइचे बांक, कॉमर्झबांक, पोस्टबांक, हिपोफेराइन्सबांक या चौघींचं मिळून कॅश ग्रुप. दुसऱ्याच्या मशीनमधून काढलेस तर काही युरो जातात, मशीन पैसे देण्याआधी स्क्रीनवर आकडा दाखवतं, तो न वाचता ओके दाबू नकोस. सुपरमार्केटमध्ये खरेदी करताना काउंटरवर २०० युरोपर्यंत रोख पण मिळते, बऱ्याच साखळी दुकानांत. रोख भरायची असेल तर मात्र ऑनलाइन बँकेत सोय बरेचदा कमी असते, तुझं जुनं सामान विकून किंवा मित्राकडून रोख आली तर शाखावाल्या खात्याचा उपयोग होतो.

आता खातं उघडताना. पासपोर्ट, व्हिसा किंवा रेसिडेन्स कार्ड, आणि पत्ता नोंदवल्याचा कागद म्हणजे आनमेल्डुंगचा दाखला. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, तुझे तीन आठवडे झालेत म्हणजे एकतर झालं असेल नाहीतर उद्या पहिलं ते कर, घरमालकाने तू तिथे राहतोस असं लिहून दिलेला कागद लागतो, तो कंपनीच्या फ्लॅटवाल्यांकडून माग. ११ अंकी टॅक्स आयडी पोस्टाने येतो, बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून, नोंदणीनंतर काही आठवड्यांनी, बँकेला तो नंतर दिला तरी सहसा चालतं. ओळख पटवायला व्हिडिओ कॉल असतो, पण सगळ्या देशांचे पासपोर्ट व्हिडिओवर चालत नाहीत, चारदा कॉल कट झाला तर जीव काढू नकोस, पोस्ट-इडेंट निवड, कूपन घेऊन पोस्टात जायचं, समोरचा माणूस पासपोर्ट बघून नोंद करतो, दहा मिनिटांचं काम.

आणि पत्रपेटी. हे कुणीच सांगत नाही म्हणून मी ओरडून सांगते. इथे बिल्डिंगमध्ये सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. तुझ्या फर्निश्ड फ्लॅटच्या पेटीवर कंपनीचं किंवा आधीच्या माणसाचं नाव असणार. बँक कार्ड एका पाकिटात पाठवते, पिन दुसऱ्या पाकिटात दुसऱ्या दिवशी, अ‍ॅप चालू करायचा कोड कधीकधी तिसऱ्यात. नाव नसेल तर सगळी पाकिटं परत जातात, आणि तू इकडे बँकेला शिव्या देत बसतोस. कागदावर आडनाव लिही, चिकटपट्टीने लाव, बेलवर पण लाव. घर बदललंस की बँकेत त्याच दिवशी पत्ता बदल.

नावाचं अजून एक आहे, आपल्या लोकांचं खास. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोच्या देशांत ट्रान्सफर करताना बँक नाव आणि आयबॅन जुळतं का ते तपासून दाखवते, पूर्ण जुळतं, जवळपास जुळतं, किंवा जुळत नाही. तू एचआरला नुसतं नाव-आडनाव दिलंस आणि बँकेत तिन्ही नावं असली तर ‘जवळपास’ असं येऊ शकतं आणि पेरोलवाली बाई थांबून तुला विचारणार. म्हणून खात्यावर जसं आहे अगदी तसंच नाव सगळीकडे दे, पेरोल, घरमालक, विमा, सगळीकडे.

आयबॅन कुठल्या देशाचा, हा प्रश्न तुला येणारच. काही अ‍ॅपवाल्या बँका दुसऱ्या देशातल्या असतात, तेव्हा आयबॅन जर्मनीच्या डीईच्या जागी लिथुआनियाच्या एलटीने किंवा नेदरलँड्सच्या एनएलने सुरू होऊ शकतो. कायद्याने २०१४ पासून कुठलीही कंपनी असं म्हणू शकत नाही की आम्हाला जर्मनच आयबॅन पाहिजे, तक्रार करायची असेल तर वेटबेवेर्ब्सत्सेंट्राले नावाची संस्था अशा तक्रारी घेते. पण जिमच्या फॉर्मने किंवा वीज कंपनीच्या वेबसाइटने एलटी घेतलाच नाही तर तिथे कायदा सांगत बसायचं का संध्याकाळी जेवायचं, हे तू ठरव. मी नव्या माणसाला डीईवालाच घे म्हणते, २२ अक्षरांचा. पैशाच्या सुरक्षिततेत फरक नाही, युरोपियन युनियनमध्ये लायसन असलेल्या कुठल्याही बँकेत माणशी १,००,००० युरोपर्यंत ठेवीला कायद्याने संरक्षण आहे आणि बँक बुडाली तर सात वर्किंग डेजमध्ये पैसे मिळायला हवेत. फक्त ती खरोखर बँक आहे का ते बघ. काही अ‍ॅप नुसती पैसे पाठवण्याची किंवा ई-मनीची कंपनी असते, तिथे पैसे वेगळे ठेवायचा नियम असतो पण हे ठेवीचं संरक्षण नसतं, त्यात पगार साठवू नये.

घरी पैसे पाठवायला मात्र तसलंच एखादं अ‍ॅप सहसा स्वस्त पडतं. बँका फी कमी दाखवतात आणि दरात काढून घेतात. एकच करायचं, त्याच मिनिटाला दोन ठिकाणी सारखीच रक्कम टाकून बघ, समोरच्या खात्यात शेवटी किती पडतायत, बाकी काही वाचू नकोस. आणि खाली एडब्ल्यूव्ही मेल्डेफ्लिश्ट असं काहीतरी दिसलं तर घाबरू नकोस, तो मोठ्या रकमा देशाबाहेर गेल्या-आल्या की बुंडेसबांकला, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेला, कळवायचा नियम आहे, २०२५ पासून ५०,००० युरोच्या वरच्याच रकमेला.

लास्टश्रिफ्ट म्हणजे ऑटो डेबिट, याची भीती घालवून टाक. इथे वीज, इंटरनेट, विमा सगळे तुझ्या खात्यातून स्वतः ओढून घेतात, घराघराला लागणारी रेडिओ-टीव्हीची फी सुद्धा, महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांची एकदम. पहिल्यांदा वाटतं की कुणालाही आयबॅन दिला की तो पैसे ओढणार. पण परवानगी दिलेलं डेबिट सुद्धा आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत घेता येतं, अ‍ॅपमध्ये बटण असतं, आणि परवानगी दिलीच नसेल तर १३ महिने. (बिल खरं देणं लागत असेल तर परत घेऊ नकोस, कंपनी दंड लावते.) तुझं काम फक्त खात्यात पैसे असण्याचं. पैसे नसताना डेबिट आलं तर ते उलटतं, त्याची फी लागते.

म्हणूनच शाखेतला माणूस तुला डिस्पो देऊ करेल, म्हणजे ओव्हरड्राफ्ट. हो म्हणण्याआधी व्याज विचार, बरेचदा वर्षाला १० टक्क्यांच्या वर असतं. छोटी मर्यादा अडीनडीला ठेवायला हरकत नाही, पण तो पगाराचा भाग आहे असं धरून चालणारे मी पाहिलेत आणि वर्षानुवर्षं वजा आकड्यात राहिलेले पाहिलेत. फुकट क्रेडिट कार्ड देतात तिथे सेटिंग बघ, काहींमध्ये महिन्याला थोडीशीच रक्कम भरली जाते आणि बाकीवर जबरदस्त व्याज चढतं, पूर्ण रक्कम दर महिन्याला जाईल असं पहिल्याच दिवशी कर.

खातं उघडताना बँक शुफाकडे तुझी माहिती विचारते. शुफा म्हणजे कोण किती वेळेवर पैसे भरतो याची नोंद ठेवणारी कंपनी, १९२७ पासूनची, आणि घरमालक घर देताना तिचाच कागद मागतात. तुझी नोंद अजून कोरी आहे, ते वाईट नाही. फक्त एकाच आठवड्यात पाच बँकांत आणि चार कार्डांना अर्ज करू नकोस. पुढे कधी कर्जाचा दर विचारायला गेलास तर ‘कॉन्डिशन्सआनफ्रागे’ करा म्हण, नुसती दराची चौकशी, त्याने शुफाच्या स्कोअरला धक्का लागत नाही. स्वतःच्या नोंदीची कॉपी शुफाकडून फुकट मागता येते, वेबसाइटवर पैसे भरायचं पान आधी दिसलं तर तिथे अडकू नकोस.

घराचं डिपॉझिट यायचंय तुला. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, हीटिंग-पाणी सोडून, आणि तीन हप्त्यांत देण्याचा तुझा हक्क आहे. पण बँकेशी संबंध असा की अ‍ॅपमध्ये दिवसाला किती पाठवता येतात याची मर्यादा असते, करार सही करायच्या दिवशी ती आडवी येते. आधीच वाढवून ठेव.

बायको येईल तेव्हा एक संयुक्त खातं काढा, भाडं, किराणा, मुलीच्या खर्चासाठी, ज्यात दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकतो असं. लक्षात ठेव, त्या खात्याच्या कर्जाला दोघंही पूर्ण जबाबदार असतात. पण तिचं स्वतःचं एकटीचं खातं पण उघड, तिला अजून नोकरी नसली तरी, पहिल्या महिन्यातच. माझ्याकडे अशा बायकांची पत्रं येतात ज्या इथे सहा-सहा वर्षं आहेत आणि त्यांच्या नावावर ना कार्ड, ना खातं, ना शुफात एक ओळ, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी सुरुवात करावी लागते. त्यात नवऱ्याचा काही वाईट हेतू असतोच असं नाही, राहून जातं. तू राहू देऊ नकोस.

कुणी नाही म्हणालंच, तुमचा व्हिसा छोटा आहे वगैरे, तर ‘बासिसकोंटो’ मागतोय असं स्पष्ट सांग. जून २०१६ पासून युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, पक्का पत्ता नसला तरी. ठरलेला फॉर्म असतो, बँकेला जास्तीत जास्त दहा वर्किंग डेजमध्ये खातं द्यावं लागतं, नाही दिलं तर बाफिनकडे फुकट जाता येतं. फक्त चालू असलेलं दुसरं खातं आधीपासून असेल तर ते नाकारू शकतात, म्हणजे हा उपाय पहिल्या खात्याचा.

तर आज ऑनलाइन अर्ज, उद्या आनमेल्डुंगचं आणि पोस्टाचं काम, पुढच्या आठवड्यात स्पारकासेची अपॉइंटमेंट, जर्मन येणारा एखादा सहकारी सोबत ने आणि कागद घरी नेऊन वाचतो म्हण, नाही म्हणत नाहीत. बँकेला दिलेला मेल आयडी रोज उघडतोस तोच असू दे. रेसिडेन्स कार्ड संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाक, दोन महिने आधीची आठवण लावून. आणि ती चिकटपट्टी, ती आज रात्रीच.